सरव्याचा हक्क

आमच्या नगर जिल्ह्यात भुईमूग उपटून झाला, शेंगा तोडून पोत्यात भरल्या, की मालकाचं त्या रानातलं काम संपतं. मग बाया येतात. ओटीला फडकं खोचून, हातात खुरपं घेऊन ढेकळं उकरत जातात आणि मातीत राहून गेलेल्या शेंगा वेचतात. हा सरवा. ज्वारीच्या रानात कणसं, गव्हाच्या रानात ओंब्या, कांद्याच्या वाफ्यात मागं राहिलेली गोलटी-चिंगळी, हंगामाप्रमाणं जे असेल ते. माझी आजी सरव्यावर चार लेकरं वाढवणारी बाई. आमची जमीन नव्हती. सरवा वेचणाऱ्या बाईला हटकू नये असा रिवाज होता. हटकणारे होतेच, आणि आजी त्यांची नावं मरेपर्यंत विसरली नाही. पण ज्यांनी हटकलं नाही त्यांचे उपकार झाले असं काही ती म्हणायची नाही. तिच्या लेखी ते तिचंच होतं.

पुढं मी बायबल स्वतः समजून वाचायला लागले तेव्हा आजीचा हा हिशेब मला मोशेच्या नियमशास्त्रात सापडला. लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आणि अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात. शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नकोस. कापताना एखादी पेंढी रानात विसरली तर ती आणायला माघारी जाऊ नकोस. जैतुनाचं झाड एकदा झोडलंस की राहिलेल्या फळांसाठी डहाळ्या पुन्हा झोडू नकोस. द्राक्षमळ्यातले घोस खुडलेस की मागं राहिलेलं राहू दे. आणि हे सगळं कुणासाठी? परका, पोरका आणि विधवा. ही तीन माणसं त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येतात. त्या काळी ज्यांच्या नावावर जमीन असण्याची शक्यता सर्वांत कमी, ती ही माणसं. शेवटी देव कारण सांगतो: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव.

या आज्ञांमध्ये देणारा कुठंच दिसत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालक बांधावर उभा राहून धान्य वाटत नाही. घेणारीला कुणापुढं हात पसरावा लागत नाही की आभार मानावे लागत नाहीत. ती येते, वाकते, आपल्या कष्टानं वेचते आणि घरी जाऊन चूल पेटवते. मालकानं करायचं ते एवढंच की शेवटचा दाणासुद्धा माझाच असं म्हणायचं नाही. ख्रिस्ती माणसानं गरिबाला मदत कशी करावी, याबद्दल मी आयुष्यभर जी प्रवचनं ऐकली त्यांत दयेवर पुष्कळ भर होता. दया हवीच. पण दयेच्या आधी हक्क येतो. माझ्या ताटातलं सगळंच माझं नाही, त्यात ज्यांचा वाटा आहे त्यांची मी वाट अडवू नये, हे पहिलं.

बायबलातली रूथची गोष्ट आमच्या महिला मंडळात दर वर्ष-दोन वर्षांनी अभ्यासाला येते. सासू-सुनेच्या मायेची गोष्ट म्हणून ती सांगतात. माया तीत आहेच, पण मला ती पोटाचीही गोष्ट वाटते. दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलं. तिथं घरातले तिन्ही पुरुष वारले. नामी आणि तिची मवाबी सून रूथ माघारी आल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. रूथ परकी, विधवा, बिनजमिनीची. ती सरवा वेचायला जाते ती बवाजच्या रानात. बवाजची ऐपत होती. पोतं भरून तिच्या दारात टाकलं असतं तरी गावानं त्याला चांगलंच म्हटलं असतं. त्यानं गड्यांना वेगळंच सांगितलं. तिला टोचून बोलू नका, आणि पेंढ्यांतून मुद्दाम थोडं उपसून तिच्यासाठी मागं टाकत चला. दुपारी तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीला बसवलं आणि स्वतःच्या हातानं हुरडा दिला. संध्याकाळी तिनं आपलं वेचलेलं झोडलं तेव्हा एफाभर, म्हणजे त्या काळचं एक मोठं माप भरून, सातू निघाले. ते घेऊन ती ताठ मानेनं घरी गेली, कारण ते तिच्या कष्टाचे होते. तिला आपल्या कष्टाचे वाटावेत याची काळजी बवाजनं घेतली होती.

या रूथचा पणतू म्हणजे दावीद राजा. आणि मत्तयानं शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ दिली आहे, तिथं बापांच्या नावांच्या त्या लांबलचक रांगेत रूथचं नाव आवर्जून घातलं आहे. आमचा तारणारा सरवा वेचणाऱ्या बाईच्या वंशातला. त्याच्या आईवडिलांनी त्याला यरुशलेमच्या मंदिरात नेलं तेव्हा अर्पण होतं दोन पाखरांचं, ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी नियमशास्त्रानं ठेवलेली सवलत. मोठेपणी त्याचे शिष्य भुकेले होते तेव्हा लोकांच्या शेतातून जाताना कणसं मोडून खात होते. परुश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूद्यांनी, शब्बाथाबद्दल, म्हणजे विसाव्याचा दिवस मोडला म्हणून, हरकत घेतली. दुसऱ्याच्या शेतातली कणसं खाल्ली म्हणून कुणी चोर म्हटलं नाही. वाटसरूचा तो हक्कच होता. मत्तयाच्या २५व्या अध्यायात तो म्हणतो, ‘मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले.’ हे वाक्य आपण उपमा म्हणून घेतो. तो भूक माहीत असलेल्या घरातून बोलत होता.

नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांना हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सिंथिया फरार यांची मुलींची शाळा, ती पाहायला आलेले जोतिराव फुले, हा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पण खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, मोठ्या झाल्या त्या १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत. आमच्यातले बहुतेक गावकुसाबाहेरचे. त्यांना दुष्काळ येण्याआधीही पोटभर मिळत नव्हतं. ‘धान्यासाठी बाटले’ हा टोमणा मी शाळेत असताना ऐकलेला आहे आणि आजही कुणी ना कुणी तो ऐकत असेल. भुकेल्या माणसानं भाकरी मिळेल तिथं जावं, आणि भाकरी देताना ज्यानं शेजारी बसवून नावानं हाक मारली त्याचा देव आपला मानावा, यात शरम वाटण्यासारखं मला काहीही दिसत नाही. शरम वाटायचीच असेल तर ज्यांच्या कोठारात धान्य असून ज्यांनी दार लावून घेतलं त्यांना वाटावी. नियमशास्त्रातलं ते ‘आठवण ठेव’ आमच्यासाठी याच दुष्काळाची आठवण आहे.

पंडिता रमाबाईंनी ती ठेवली. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास त्यानंतर उपाशीतापाशी देशभर पायी हिंडले. विद्वान ब्राह्मण घरातल्या मुलीनं भूक अशी जवळून पाहिली. म्हणून १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या पुण्यात बसून पैसे पाठवून थांबल्या नाहीत. स्वतः गेल्या आणि शेकडो मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. त्या आधी फळबागेसाठी म्हणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जमीन घेतलेली होती. तिथंच मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढं १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. केडगावला जेवण होतं, पण जेवणाबरोबर शाळा होती, छापखाना होता, माग होते, तेलघाणा होता, शेती होती. आंधळ्या बायकांना रमाबाईंच्या मुलीनं, मनोरमेनं, ब्रेल शिकवली. छपाईचे खिळे जुळवायला शिकलेल्या बायकांनी रमाबाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल छापलं. ज्या मुली हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या त्यांच्या हातून हे काम झालं. बवाजनं पेंढीतून उपसून ठेवलं आणि वेचायचं रूथवर सोडलं, तसंच हे आहे.

१९७२चा दुष्काळ मला आईच्या तोंडून माहीत आहे. खडी फोडायला जायचं, पोरांना सुकडी मिळायची, आणि घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. चर्चच्या संस्थांनीही त्या काळात पुष्कळ धान्य वाटलं. नगरमध्ये तेव्हा फादर हर्मन बाखर होते, स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय. दुष्काळात वाटप करावंच लागतं, पण दर काही वर्षांनी तीच माणसं त्याच रांगेत का उभी राहतात, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. उत्तर पाण्यात होतं. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध, झाडं, आणि गावानं स्वतः केलेलं श्रमदान. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर पाणलोटाच्या कामासाठी वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं सर्वांत नाव झालेलं गाव. त्या गावात धर्म कोणता हे कुणी विचारलं नाही. पाणलोटाच्या कामात एक अडचण मात्र सगळीकडं येते, आणि ती बोलून दाखवायला हवी: चराईबंदी केली की ज्याला जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याच्या पोटावर पहिला पाय पडतो. विहिरीला पाणी वाढलं तर विहीरवाल्याचं भलं. बिनजमिनीच्या माणसाचा वाटा आधी ठरवून ठेवावा लागतो, आपोआप राहत नाही. सरव्याची आज्ञा करावी लागली ती यासाठीच.

आता आमच्याबद्दल. मिशनच्या शाळेनं आमच्या आईवडिलांच्या पिढीला शिक्षक केलं, परिचारिका केलं. आमच्या पिढीत पगार आले, पेन्शन आली, पक्की घरं झाली, काहींनी चार-पाच एकर रानही घेतलं. सरवा वेचणाऱ्यांची नातवंडं आज मालकाच्या बाजूला बसलेली आहेत. रानात हार्वेस्टर फिरतो, मागं ओंब्या राहतात त्या नावालाच. पगारदार माणसाच्या शेताला तर कडाच दिसत नाहीत. पगार खात्यात येतो, हप्ते जातात, उरलेलं गुंतवलं जातं, आणि विसरलेली पेंढी म्हणून काही शिल्लकच राहत नाही. म्हणून पगारदाराला आपली कड ठरवून सोडावी लागते. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायका दर वेळी भात शिजवायला घेताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात. बुहफाई थाम म्हणतात त्याला. शंभराहून जास्त वर्षं चालू आहे, आणि त्या मुठीमुठीवर तिथल्या मंडळीची कितीतरी कामं उभी राहिली. महिन्याच्या शेवटी काय उरतं ते बघू, असं त्या म्हणत नाहीत. तांदूळ चुलीवर चढण्याआधी मूठ निघालेली असते.

अनुवादचा तो २४वा अध्याय मी आमच्या बायकांना पूर्ण वाचायला सांगते, कारण सरव्याच्या आधीची वचनं आपल्या रोजच्या व्यवहारातली आहेत. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे; तो गरीब आहे, त्याचा जीव तीत अडकलेला असतो. धुण्याभांड्याच्या बाईचा पगार ‘देऊ गं दोन-चार दिवसांत’ म्हणून लांबवणाऱ्या घराला हे वचन लागू आहे. ती आजारी पडली तर तिचे खाडे कापणाऱ्या घरालाही मी ते लावीन. गरिबाला उसनं दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस. तू बाहेर उभा राहा, तो स्वतः बाहेर आणून देईल. आज आमच्या गल्लीत मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला येतो तेव्हा हप्ता पुरा होईस्तोवर बाईच्या उंबऱ्यातून हलत नाही, घरात पाहुणे असले तरी. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या आज्ञेत कर्जदाराच्या उंबऱ्याचा मान राखलेला आहे. आणि जातं किंवा जात्याची तळी गहाण घेऊ नकोस, ते म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणं आहे.

जात्याचं हे वचन मला कळलं ते उसाच्या फडाजवळ.

आमच्याकडं साखर कारखान्यांचा हंगाम आणि नाताळ एकाच वेळी येतात. बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि रस्त्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नाताळच्या आधी आमचं महिला मंडळ तिथं करंज्या, शंकरपाळे आणि ब्लँकेटं घेऊन जायचं. एका वर्षी मी एका बाईला विचारलं, तुम्हाला खरं काय पाहिजे? तिनं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘ताई, गोड लई झालं. दळण तेवढं आणून द्याल का? आमी येतो तवर गिरणी बंद असती.’

पहाटे अंधारात ती फडात जायची. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. परत येईपर्यंत रात्र. बाजरी कोपीत आहे, पण पीठ नाही. कधी दुकानातून महाग पीठ आणायचं, कधी भातावर भागवायचं. आमच्या गावात गिरणी होती, आमच्या घराजवळच होती, आणि आम्ही दुपारी घरीच असायचो. त्या हंगामापासून मंडळातल्या बायका पाळी लावून कोप्यांवरून डबे गोळा करतात, दळून आणतात आणि संध्याकाळी ज्याचा त्याच्या कोपीत ठेवून येतात. डब्यांवर खडूनं खुणा केलेल्या असतात, कुणाचा फुली, कुणाचा चांदणी. दळणाचे पैसे ऊसतोडीच्या बाया स्वतः देतात. आमच्यातल्या एकीनं पैसे घ्यायला नको म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी डब्यात बाजरीच्या वर रुमालात बांधून पैसे ठेवलेले होते. त्यानंतर आम्ही ते वाद घातले नाहीत. फडातलं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, त्यांना मिळतं, ते त्या गुरांना घालतात किंवा जनावरंवाल्यांना विकतात. त्यातले पैसे होते ते. सरव्याचे पैसे.

यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत होता तेव्हा येशूनं थांबून त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय पाहिजे हे कुणालाही दिसत होतं. तरी त्यानं विचारलं, आणि उत्तर बार्तीमयाच्या तोंडून येऊ दिलं. आम्ही ब्लँकेटं वाटत होतो तेव्हा फोटो काढले जायचे, देणारा आणि घेणारा दोघांनी ब्लँकेटाला हात लावून कॅमेऱ्याकडं बघायचं. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे सांगणाऱ्याच्या नावानं हे चालतं आणि ते बंद व्हायला पाहिजे. गरिबाच्या लाजेवर आपल्या मंडळीचा अहवाल भरू नये.

‘अशानं लोकांना फुकटची सवय लागते’ हे वाक्य मंडळीत वारंवार ऐकू येतं. त्याच्याबरोबर पौलाचं वचन येतं, काम न करणाऱ्यानं खाऊही नये म्हणून. पौलानं ते थेस्सलनीकातल्या अशा लोकांना लिहिलं जे काम सोडून दुसऱ्यांच्या उठाठेवी करत फिरत होते. ऊसतोड करणाऱ्या बाईला ते ऐकवणाऱ्यानं तिच्याबरोबर एक दिवस मोळ्या वाहाव्यात. मला आयुष्यात जे सर्वांत गरीब लोक भेटले ते सर्वांत जास्त कष्ट करणारे होते. आणि समजा एखादा खरंच फुकट घेऊन गेला. सूर्य आणि पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखेच पाडणाऱ्या पित्याची आपण लेकरं म्हणवतो. एका फसवणाऱ्यासाठी नऊ भुकेल्यांची वाट बंद करण्याचा हिशेब मला शुभवर्तमानात कुठं सापडत नाही.

सध्या आमच्या मंडळीत याच विषयावर चर्चा चालू आहे. दर वर्षी कापणीच्या सणाला लोक आपापल्या रानातलं, परसातलं आणतात. वेदीपुढं ज्वारीची ताटं, भोपळे, कांदे, गूळ, कोंबडी, अंडी, कुणाकडून घरचं तूप. उपासना झाली की लिलाव होतो. पाळकसाहेब एक दुधी उचलतात आणि तो पाचशेला जातो, लोक हसतखेळत बोली चढवतात, मंडळीच्या खात्यात चांगली रक्कम जमते. मला तो लिलाव आवडतो, लहानपणापासून आवडतो. पण त्या दिवशी देवापुढं आलेलं सगळं धान्य शेवटी त्याच घरांत परत जातं ज्यांच्याकडं पैसे आहेत. म्हणून मी लेखी सुचवलं आहे की आलेल्या मालातला ठरावीक हिस्सा लिलावातून वगळावा आणि आवाराच्या फाटकाशी मांडून ठेवावा. नाव लिहून घ्यायचं नाही, आधारकार्ड मागायचं नाही, ख्रिस्ती आहे का हे विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. ज्याला लागेल त्यानं आपल्या हातानं उचलून न्यावं. कमिटीतल्या दोघांचा विरोध आहे. ते म्हणतात, दोन माणसं येऊन सगळं घेऊन जातील. पाळकसाहेबांनी अजून मत दिलेलं नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. मी रूथचा दुसरा अध्याय वाचून दाखवणार आहे, आणि विरोध करणाऱ्या दोघांना विचारणार आहे की तुमच्या आज्या कुणाच्या रानात वेचायला जात होत्या. आम्ही एकाच वाडीचे आहोत, मला ते माहीत आहे.